संघ कोणाचा – मालकाचा की पेठेचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

फुटबॉलवरील लेख आपल्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल आणि तो रास्तही आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. फुटबॉल मात्र बहुतेकांनी शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात, हवा गेलेल्या अवस्थेतच पाहिलेला असतो. तरीसुद्धा आठवडी बाजारात मेस्सीच्या नावाची निळी-पांढरी बनियन टांगलेली दिसते, आणि अर्जेंटिना नकाशात कोठे आहे हे ज्याला सांगता येणार नाही असा मुलगा ती हौसेने विकत घेतो व रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर सामना पाहत बसतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र खेळ कसा खेळावा हा नाही. ज्या संघासाठी हजारो माणसे घसा फोडतात, वर्गणी देतात, पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढतात, तो संघ नेमका कोणाच्या मालकीचा असतो, आणि त्या मालकीविषयी या माणसांचे स्वतःचे काय म्हणणे आहे, हा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला 'सहकार' हे प्रकरण चालू असताना हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला, तो अद्याप बाहेर पडलेला नाही.

या विषयाशी माझा संबंध कसा आला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीला जातात. लहानपणी मीही टोळीबरोबर जात असे. पुढे वसतिगृहात राहू लागल्यावर सुट्टीत त्यांना भेटायला जाऊ लागलो. उसाचा गळीत हंगाम आणि कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम बराच काळ बरोबरीने चालतात, हा योगायोग माझ्या पथ्यावर पडला. गाडी खाली व्हायला वेळ लागला, की टोळीतली आम्ही दोघेतिघे पोरे शहरात जाऊन राजर्षी शाहू स्टेडियम गाठत असू.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, ही समजूत खोटी नाही. शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ साली खुले झाले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण ज्या तालमींत मल्ल घडले, त्याच तालमींच्या नावाने तेथे फुटबॉलचे संघ उभे राहिले, ही गोष्ट मराठवाड्यात फारशी माहीत नाही. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ ही नावे पाहा. फुटबॉलच्या संघाचे नाव 'तालीम' असावे, हे मला वाटते जगात दुसरीकडे कोठे आढळणार नाही. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था या संघांची साखळी स्पर्धा भरवते. तिला छत्रपती घराण्याचा आश्रय लाभलेला आहे. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातला सामना असला, म्हणजे त्या दिवशी पेठेत दुकानदार गिऱ्हाइकाकडे धड पाहत नाही.

या संघांना मालक नाही, ही पहिली लक्षात घेण्यासारखी गोष्ट. तालमीचे मंडळ असते, त्याचे पदाधिकारी असतात. जे मंडळ गणपती बसवते तेच बहुधा संघ उतरवते. पैसा वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या देणगीतून, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, पुढाऱ्यांच्या खिशातून येतो. एकदा प्रेक्षकांत माझ्या शेजारी पासष्टीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" असे त्यांनी विचारले. "हिंगोलीचा, काका," मी म्हणालो. मग धीर करून मी त्यांना विचारले, की या संघाचा मालक कोण? त्यांना प्रश्नच कळला नाही. "मालक? मालक कुठला असतोय? पेठंचा संघ हाय," असे म्हणून त्यांनी गोलरक्षकाकडे बोट दाखवले, तो त्यांच्या गल्लीतला, त्याचा बाप रिक्षा चालवतो, त्याचा चुलता पूर्वी याच संघात बचाव फळीत खेळत असे, अशी सारी वंशावळ सांगितली, आणि दुसऱ्याच क्षणी त्या गोलरक्षकाने चेंडू हातातून सोडला तेव्हा त्याला जी शिवी हासडली ती या अंकात छापता येणार नाही. मला वाटते मालकीची याहून चांगली व्याख्या आमच्या क्रमिक पुस्तकात नाही. ज्याला शिवी देण्याचा हक्क आहे आणि जो उद्या सकाळी त्याच गल्लीत भेटणार आहे, तो मालक.

आता कोल्हापूरहून पुण्याला जाऊ. तेथे फुटबॉलला भांडवल मिळाले, मैदान मिळाले, आणि बारा वर्षांत जे घडले ते मी शक्य तितक्या कोरडेपणाने मांडतो. २००७ साली एका उद्योगसमूहाने पुणे एफ. सी. हा संघ काढला. तो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, त्याने मुलांसाठी चांगली अकादमी चालवली, आणि २०१५ च्या हंगामानंतर तो संपला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. आय-लीगमध्ये अवघा एक हंगाम, २०१४-१५ चा, खेळला. डी. एस. के. शिवाजीयन्स २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमध्ये आला आणि २०१७ नंतर तेथून दिसेनासा झाला. चौथा एफ. सी. पुणे सिटी. हा २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधला. त्याचे पाठीराखे केशरी कपडे घालून बालेवाडीला जमत आणि स्वतःला 'ऑरेंज आर्मी' म्हणवून घेत. २०१९ साली तोही बंद झाला. त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादला गेली आणि तेथून २०२५ साली दिल्लीला. रेशन दुकानाचा परवाना एका गावाहून दुसऱ्या गावी फिरावा तसा हा प्रकार. दुकान हलवताना निदान गावकऱ्यांची तक्रार तहसीलदार ऐकून तरी घेतो. केशरी कपडे घातलेल्या त्या पोरांना कोणी काही विचारल्याचे मला कोठे आढळले नाही.

मुंबईचीही कथा वेगळी नाही. महिंद्रा युनायटेड या संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. कंपनीच्या संघाची परंपरा १९६२ पासूनची होती. २०१० साली कंपनीने तो मोडला. कंपनीला तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता, हेच तर म्हणायचे आहे. मुंबई सिटी एफ. सी. या संघाचा ६५ टक्के हिस्सा २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने घेतला. तो समूह इंग्लंडमधील मँचेस्टर सिटीचा मालक. संघाने पुढे विजेतेपदेही मिळवली. पण २०२५ च्या डिसेंबरात त्या समूहाने हिस्सा सोडला, कारण सबंध स्पर्धेचेच भवितव्य टांगणीला लागले होते. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली एका कंपनीशी केलेला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा करार होईना, आणि देशातील सर्वोच्च स्पर्धेचा २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. त्या वेळी मला शाहू स्टेडियमवरच्या त्या काकांची आठवण झाली. पेठेचा संघ उतरवण्यासाठी त्यांना कोणा कंपनीच्या कराराची वाट पाहावी लागत नाही.

गोव्यातील गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. धेंपो आणि साळगावकर हे तेथील उद्योगपती घराण्यांचे संघ. मालक होते, पण ते गावचे होते. पिढ्यान् पिढ्या लोकांना ठाऊक होते. धेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. नव्या योजनेत सुपर लीग वरची आणि आपली जुनी स्पर्धा खालची ठरणार, शिवाय खालून वर जायचा रस्ता दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. येथे मालक आणि पाठीराखे यांचे दुःख एकच होते. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. म्हणजे 'मालक तितका वाईट' असे सरसकट म्हणता येत नाही. मालक आपल्या मातीतला आहे की नाही, याने बराच फरक पडतो.

या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र इंग्लंडमध्ये आहे आणि त्याचे एक टोक आपल्या महाराष्ट्रात आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला, कापडगिरण्यांच्या गावातला संघ. १८८८ साली जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापकांपैकी तो एक. त्याच गावात वाढलेले जॅक वॉकर नावाचे पोलादाचे व्यापारी श्रीमंत झाले आणि त्यांनी लहानपणापासूनच्या आवडत्या संघात आपला पैसा ओतला. १९९४-९५ साली संघ इंग्लंडचा विजेता झाला. त्यांचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे. मालक असूनही त्यांना तेथील लोक देवासारखे मानतात. पुढे २०१० च्या नोव्हेंबरात हाच संघ पुण्याच्या व्यंकीज समूहाने घेतला. होय, तोच कोंबड्यांचा व्यवसाय करणारा समूह. कोंबड्यांचे खाद्य आणि लस यांच्या निमित्ताने हे नाव आपल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहे. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. महिनाभरात अनुभवी प्रशिक्षकाला काढण्यात आले, निकाल बिघडत गेले, आणि २०१२ च्या मे महिन्यात संघ सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला. ज्या सामन्यात हे नक्की झाले त्यात एका पाठीराख्याने संघाच्या निशाणात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. खेळ थांबला, गोलरक्षकाला ती पकडावी लागली. मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा प्रथम पोट धरून हसलो आणि मग मला वाटले, बोलण्याची दुसरी कोणतीही जागा उरली नाही तेव्हाच माणूस कोंबडी सोडतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्यानंतर वर्षानुवर्षे संघाचा तोटा याच मालकांनी भरून काढला. ते पळून गेले नाहीत. पण पाठीराख्यांची तक्रार पैशाची नव्हतीच. मालक मैदानावर दिसत नाहीत, बोलत नाहीत, आम्ही कोण हे त्यांना ठाऊक नाही, ही होती. हजारो मैलांवरून चालवलेला संघ आणि मुंबईत बसून चालवलेली शेती, यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

इंग्लंडमधील पाठीराखे नुसते रडत बसले नाहीत. विम्बल्डन नावाचा संघ, ज्याने १९८८ साली तेथील प्रतिष्ठेचा एफ. ए. कप जिंकला होता, तो मालकांनी मिल्टन कीन्स या नव्या शहरात नेण्याचे ठरवले. अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे हिंगोलीहून नांदेडइतके. २००२ साली महासंघाच्या समितीने परवानगी दिली आणि २००३ साली संघ गेला. लोकांनी काय केले? त्यांनी २००२ मध्येच सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड-चाचणी घेतली, ए. एफ. सी. विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ काढला आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ साली तो संघ पुन्हा मुख्य लीगमध्ये आला. २०२० च्या नोव्हेंबरात तो आपल्या जुन्या मैदानाजवळ, प्लाउ लेन येथे, नव्या मैदानावर खेळू लागला. त्यासाठी पाठीराख्यांनीच कर्जरोखे घेऊन पैसा उभा केला. या संघाची सूत्रे पाठीराख्यांच्या न्यासाच्या हाती आहेत. मँचेस्टर युनायटेड २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने घेतला तेव्हाही असेच घडले. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा संघाच्याच डोक्यावर बसला. आमच्या भागात म्हणायचे तर, सावकाराने म्हैस घेतली आणि पैसे म्हशीच्या दुधातून फेडायचे ठरवले. नाराज पाठीराख्यांनी एफ. सी. युनायटेड नावाचा छोटा संघ काढला, तेथे प्रत्येक सभासदाला एक मत. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बारा धनाढ्य संघांनी आपापसातच खेळण्याची 'सुपर लीग' जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमधील पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि तेथील सहाही संघ दोन दिवसांत मागे फिरले. पुढे २०२५ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदाच झाला.

जर्मनीत तर हा प्रश्न नियमाने सोडवलेला आहे. तेथील संघ मूळचे सभासदांचे. १९९८ साली संघांना कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली, पण अट अशी, की निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिला पाहिजे. याला तेथे 'पन्नास अधिक एक' असे म्हणतात. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांचे जुने संघ अपवाद. २०२३ च्या अखेरीस तेथील लीगने प्रक्षेपणाच्या हक्कांतील काही हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचा बेत केला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. आठवड्यामागून आठवडे हे चालले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बेत सोडून द्यावा लागला. स्पेनमधील बार्सिलोना हा संघही सभासदांचा. लाखाहून अधिक सभासद अध्यक्ष निवडून देतात.

हे वाचून मी काही दिवस भारावून गेलो होतो. आमच्या सरांपाशी मी म्हणालो, की सर, हा तर आपला सहकारी साखर कारखानाच झाला! भागधारक सभासद, एक सभासद एक मत, निवडून आलेले संचालक मंडळ. सर हसले आणि म्हणाले, "मग कारखान्यांचे पुढे काय झाले तेही लिही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सभासदांच्या नावाने चाललेले कितीतरी कारखाने महाराष्ट्रात कर्जात बुडाले आणि पुढे खाजगी हातांत गेले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. बार्सिलोनावरही २०२१ साली शंभर कोटी युरोंहून अधिक कर्ज होते आणि ज्या मेस्सीची बनियन आपल्या बाजारात टांगलेली असते, त्याला त्या संघाने त्याच वर्षी जड अंतःकरणाने निरोप दिला. निवडून येण्यासाठी मोठमोठी आश्वासने द्यायची आणि ती पुरी करण्यासाठी कर्ज काढायचे, हा रोग सभासदांच्या संस्थेला मालकाच्या संस्थेइतकाच जडू शकतो.

पण माझ्या मनात याहून वेगळा एक प्रश्न आहे आणि तो मला पुस्तकांतून मिळालेला नाही. साखर कारखान्याचा सभासद कोण? ज्याचा ऊस आहे तो. ऊस तोडणारा सभासद नसतो. माझ्या वडिलांनी आजवर किती टन ऊस तोडून गाडीत भरला याचा हिशेब कोणापाशी नाही, पण कारखान्याच्या वार्षिक सभेला ते कधी गेले नाहीत, कारण त्यांना बोलावणे येण्याचा प्रश्नच नव्हता. हीच कसोटी मी पेठेच्या संघाला लावून पाहतो. पेठ मालक आहे, हे खरे. पण पेठ म्हणजे कोण? तालमीच्या कट्ट्यावर बसणारे पुरुष. पेठेतल्या बायका सामना पाहतात, संघ हरला की घरातल्या माणसाचा राग सोसतात, मंडळाच्या बैठकीत मात्र त्या मला दिसल्या नाहीत. पेठेत भाड्याने राहायला आलेला बाहेरगावचा कामगार वर्गणी देईल, परंतु संघ कोणाला खेळवणार हे ठरवताना त्याचे कोणी ऐकेल असे वाटत नाही. ज्या काकांनी मला 'पेठंचा संघ' असे अभिमानाने सांगितले, त्यांच्या त्या वाक्यातच मी बाहेरचा आहे हेही आले होते. मला त्याचे वाईट वाटले नाही. 'पाव्हणं' म्हणून त्यांनी आपल्या पुड्यातले शेंगदाणे माझ्यापुढे धरले. पण पाहुणा तो पाहुणाच.

पेठेच्या मालकीचे इतरही दोष आहेत आणि कोल्हापूरची वर्तमानपत्रे ते झाकून ठेवत नाहीत. पेठेचा अभिमान मैदानाबाहेर हातघाईवर येतो. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, पोलीस बंदोबस्तावाचून मोठा सामना होत नाही. चषकांना पुढाऱ्यांची नावे असतात, अटल चषक काय, सतेज चषक काय. निवडणुकीच्या वर्षी चषकांची रक्कम का वाढते हे कळायला राज्यशास्त्र शिकावे लागत नाही. शिवाय आता प्रत्येक तालमीला जिंकायचेच आहे, म्हणून आफ्रिकी देशांतून आलेले खेळाडूसुद्धा पैसे देऊन हंगामापुरते आणले जातात. म्हणजे मालक नसलेल्या संघातही पैसा आपला रस्ता शोधतोच. त्या परक्या खेळाडूला पेठ डोक्यावर घेते, ही गोष्ट मला मनापासून आवडली. परंतु त्याच्या जागी खेळू शकला असता असा गल्लीतला मुलगा राखीव बाकावर बसतो, ही दुसरी बाजू आहे.

आणि खेळाडूचे काय? पाठीराख्याच्या भावनेला जपताना हा प्रश्न नेहमी मागे पडतो. पेठेचा संघ खेळाडूला मान देतो, नोकरी देत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर अशा संघांतून त्याने व्यावसायिक खेळ केला. यातले काहीही त्याला तालीम देऊ शकली नसती. व्यावसायिक संघ म्हणजे कंपनी, कंपनी म्हणजे मालक. ती साखळी तोडून टाका म्हणणे सोपे आहे, पण ज्याच्या घरात चूल त्या पगारावर पेटते त्याला ते सांगून पाहावे. माझ्या ओळखीचा एक कबड्डीपटू आहे. गावच्या संघासाठी त्याने गुडघा मोडून घेतला. गावाने सत्कार केला, नारळ दिला, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा कोयत्यावर गेला. त्याच गावच्या संघाला एका इच्छुक उमेदवाराने आपले छायाचित्र छापलेले टी-शर्ट दिले होते. निवडणूक संपली, टी-शर्ट अजून आहेत, संघ नाही. आमच्या गावातही मालकीचा प्रश्न असा निकालात निघालेला आहे.

मला वाटते कोलकात्याकडे पाहिले तर थोडी वाट दिसते. मोहन बागान हा १८८९ सालचा संघ. १९११ साली अनवाणी खेळून त्याने इंग्रज पलटणीच्या संघाला हरवले ही कथा प्रसिद्ध आहे. २०२० साली तो एका उद्योगसमूहाशी जोडला गेला, ८० टक्के हिस्सा समूहाकडे गेला आणि संघाच्या नावाआधी समूहाच्या दुसऱ्या संघाची 'ए. टी. के.' ही अक्षरे लागली. पाठीराख्यांनी ती मान्य केली नाहीत. विजय झाला तरी त्यांनी ती अक्षरे काढा अशी मागणी चालूच ठेवली. २०२३ च्या मार्चमध्ये संघ सुपर लीग जिंकला त्याच रात्री मालकांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. पैसा मालकाचाच राहिला, पगार वेळेवर होत राहिले, पण नावावर लोकांनी आपला हक्क सांगितला आणि तो मिळवला. जमीन दुसऱ्याची आणि बांध आपला, असा हा तोडगा आहे.

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीला उद्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पायऱ्या चढायच्या असतील, तर तिला कायद्याने नोंदलेली संस्था, तपासलेले हिशेब, मुलांचे संघ आणि पगारी प्रशिक्षक दाखवावे लागतील. केवळ कट्ट्यावरच्या बैठकीत ते होणार नाही. पैसेवाला कोणीतरी लागेलच. तेव्हा निम्म्याहून अधिक मते पेठेकडे ठेवणारी घटना त्यांना लिहून काढता येईल. त्या घटनेत नाव, रंग आणि मैदान ही तीन कलमे सभासदांच्या मताशिवाय बदलता येणार नाहीत असे घालता येईल. आणि सभासद कोणाला करायचे, हे कलम लिहिताना पेठेतल्या बायका, भाडेकरू आणि हंगामापुरते त्या जिल्ह्यात येऊन तिकीट काढून सामना पाहणारे आमच्यासारखे लोक यांचे काय करायचे, तेही त्यांना ठरवावे लागेल. यंदाच्या सुट्टीत गेलो आणि ते काका पुन्हा भेटले, तर वर्गणीची एक पावती माझ्या नावाने फाडाल का, असे मी त्यांना विचारणार आहे.